उद्या डिस्चार्ज आहे

आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक तरुण जोडपं राहतं. दोघंही नोकरी करणारे. २०२३च्या मे महिन्यात त्यांच्या आई बाथरूममध्ये घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. पाचव्या दिवशी सकाळी राउंडला आलेले डॉक्टर म्हणाले, "उद्या घरी न्या. घरी मात्र डोक्याकडची बाजू वर होणारी कॉट लागेल." सुनेनं त्याच रात्री फोनवर शोधाशोध करून २२,००० रुपयांची फाउलर कॉट मागवली. कमोड खुर्ची आणि वॉकर वेगळे.

मी दोन दिवसांनी भेटायला गेले, तेव्हा ती नवी कोरी कॉट हॉलमध्ये लावलेली होती. सोफा गॅलरीत काढून ठेवला होता. मला बोलवेचना. त्या घरापासून चालत सात मिनिटांवर, एका सोसायटीच्या पार्किंगमधल्या खोलीत, आमच्या रोटरी क्लबच्या तशाच आठ कॉट प्लॅस्टिकखाली उभ्या होत्या. अनामत रक्कम ठेवायची, लागेल तितके महिने वापरायची, परत केली की अनामत परत. भाडं काही नाही. मी हे तिला सांगितलं तेव्हा ती रागावली नाही, पण म्हणाली, "काकू, तुम्ही क्लबमध्ये आहात हे माहीत होतं हो. तिथे हे मिळतं हे नव्हतं माहीत. सांगायचं ना!"

अकरा वर्षं मी या क्लबची सभासद आहे. एकाच जिन्यानं आम्ही रोज ये-जा करतो. तिला हे माहीत नसणं ही चूक माझी होती, आणि ती रात्रभर मनात राहिली.

रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. दर जुलैत नवा अध्यक्ष, नवं संचालक मंडळ. त्या वर्षीच्या अध्यक्षांना मी स्वतःहून फोन केला आणि पब्लिक इमेजचं खातं मागितलं. हे खातं सहसा कुणी मागून घेत नाही. क्लबच्या कामाचे फोटो काढायचे, बातमी तयार करायची, वर्तमानपत्रांकडे पाठवायची, आणि ती छापून आली की कात्रण क्लबच्या ग्रुपवर टाकायचं, एवढंच त्याचं स्वरूप होऊन बसलं होतं. आमच्या फाइलमधली कात्रणं मी एकदा नीट पाहिली. धनादेश देताना, शाल देताना, फीत कापताना. फोटोत सगळे आम्हीच. खाली ओळीनं नावं, तीही आमचीच. रुग्णांचं साहित्य कुठे मिळेल, किती वाजता, कुणाला विचारायचं, यातलं एकाही कात्रणात नव्हतं.

पहिले दोन महिने मीही तेच केलं, फक्त जास्त जोरात. चार दैनिकांना बातमी पाठवली. एकात चार ओळी आल्या. फ्लेक्स करावा असं मंडळात ठरलं. पुण्यात फ्लेक्स लावायचा तर महापालिकेच्या आकाशचिन्ह विभागाची परवानगी लागते. मालमत्ता विद्रूपणाचा कायदा १९९५ पासून आहे, आणि सेवा करणाऱ्यांनीच तो मोडावा हे मला पटणारं नव्हतं. म्हणून रस्त्यावर न लावता तीन सभासदांच्या सोसायट्यांच्या आवारात, आतल्या बाजूला, लावला. महिनाभर होता. त्यावरून एकही फोन आला नाही.

मग एका रविवारी सकाळी सहा वाजता मी कोथरूडच्या थोरात उद्यानात जाऊन बसले. तिथे चालून झाल्यावर बाकांवर ज्येष्ठांचे गट जमतात. मी एकेका गटाजवळ जाऊन सरळ विचारलं, "आपल्या भागात रोटरी क्लब आहे, माहीत आहे का? काय करतो तो?" एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, "श्रीमंत लोकांचा क्लब. हॉटेलात जमतात, जेवतात." त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, त्यांना दिसलं ते त्यांनी सांगितलं. आमच्या साप्ताहिक सभा खरंच हॉटेलच्या हॉलमध्ये व्हायच्या, आणि बाहेरून दिसायचं ते तेवढंच. दुसऱ्या गटात दोघींनी नुसती मान हलवली. तिसऱ्या बाकावर सुती नऊवारीतल्या एक आजी होत्या, त्या म्हणाल्या, "रोटरी म्हणजे ते पोलिओवाले ना गं? रविवारी डोस पाजायचे, आमच्या नातवाला पाजलाय मी."

मला त्या क्षणी फार बरं वाटलं. रोटरीनं पोलिओचं काम जगभर १९८५ साली हाती घेतलं. भारतात पल्स पोलिओ १९९५ला सुरू झाला. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. हे सगळं मी सभांमध्ये भाषणात ऐकलेलं होतं. आजींना यातली एकही तारीख ठाऊक नव्हती. त्यांच्या लक्षात होता तो बूथ, तो रविवार आणि नातवाच्या बोटाला लावलेली शाई. आपल्या दारात, आपल्या माणसासाठी झालेलं काम त्यांनी वीस वर्षं नावासकट लक्षात ठेवलं होतं. आमच्या कात्रणांतलं काय कुणाच्या लक्षात राहणार होतं?

घरी येऊन मी आमच्या रुग्णसाहित्य केंद्राची, म्हणजे कॉट ठेवलेल्या त्या खोलीची, वही मागवली. वर्षभरात साहित्य नेणाऱ्यांच्या ४३ नोंदी होत्या. प्रत्येकाला फोन करून एकच प्रश्न विचारला, आमचा पत्ता कुणी दिला? यात तीन आठवडे गेले. कुणाच्या घरी आता ते माणूसच नव्हतं, तिथे प्रश्न बाजूला ठेवून नुसतं ऐकून घ्यायचं. निम्म्याहून अधिक नोंदी आमच्याच सभासदांच्या नात्यागोत्यातल्या निघाल्या. उरलेल्यांत एक गोष्ट अशी दिसली की मी वही मिटून बसून राहिले. सहा जणांना एकाच औषधाच्या दुकानदारानं पाठवलं होतं. त्या दुकानदाराच्या वडिलांनी कधीतरी आमची चाकाची खुर्ची वापरली होती. तेव्हापासून कुणी डायपर किंवा कॅथेटरची पिशवी घ्यायला आलं की तो आपणहून विचारायचा, "कॉट हवीये का?" आमच्यापैकी कुणी त्याला हे सांगितलेलं नव्हतं. त्याचं नावही आम्हाला माहीत नव्हतं.

इथून माझी दिशा बदलली. चांगल्या प्रकृतीच्या माणसाला रुग्णसाहित्य केंद्राची माहिती कितीही वेळा द्या, ती त्याच्या डोक्यात थांबत नाही, कारण त्याला ती तेव्हा नको असते. ती हवी असते एकाच दिवशी. डॉक्टर "उद्या डिस्चार्ज" म्हणतात, त्या क्षणापासून पुढचे चोवीस तास. त्या चोवीस तासांत घरचं माणूस कुणाकुणाशी बोलतं? वॉर्डातल्या मावशींशी. खालच्या मेडिकलवाल्याशी. व्यायाम शिकवायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्टशी. घरी आया किंवा मामा पाठवणाऱ्या ब्युरोशी. ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरशी. आणि आपल्या सोसायटीच्या वॉचमनशी, कारण स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावेल का हे त्यालाच विचारावं लागतं. आपला नंबर या सहा जणांच्या खिशात पाहिजे.

म्हणून कार्ड करायचं ठरलं. पाकिटात बसेल एवढं, दोन्ही बाजूंनी मराठीत. यावर संचालक मंडळात जो वाद झाला तो मला अजून शब्दशः आठवतो. मी कार्डावरून अध्यक्ष, सचिव, प्रकल्प संचालक आणि देणगीदार अशी सगळी नावं काढली होती. रोटरीचं बोधचिन्ह, ते चक्र, एका कोपऱ्यात लहान. बाकी सगळ्या जागेत काय मिळतं, अनामत किती, कुठे यायचं आणि फोन नंबर, तोही चष्मा न लावता वाचता येईल एवढा मोठा. एक ज्येष्ठ माजी अध्यक्ष, ज्यांनी स्वतःच्या आईच्या स्मरणार्थ दोन कॉट दिल्या होत्या, ते दुखावले. "आईचं नाव कुठेच नको का?" त्यांचा प्रश्न अगदी योग्य होता, आणि मी त्याचा आधी विचारच केला नव्हता. मार्ग त्यांच्याच बोलण्यातून निघाला. ज्यानं जी वस्तू दिली तिच्यावरच नावाची पट्टी लावायची. आता त्या कॉटच्या पायथ्याशी त्यांच्या आईंचं नाव आहे. ज्या घरात ती जाते तिथले लोक ते नाव रोज वाचतात, कधी कधी फोनवर विचारतात, "या बाई कोण होत्या?" छापील कार्डावर हे झालं नसतं.

दुसरा वाद मी हरले याचा मला आनंद आहे. मसुद्यात मी "२४ तास सेवा" असं लिहिलं होतं. आमच्या सभेत रोटरीची चार प्रश्नांची चतुःसूत्री चाचणी म्हणतात. ती हर्बर्ट टेलर यांनी १९३२ साली आपल्या व्यवसायासाठी लिहिली, पुढे रोटरीनं घेतली. तिचा पहिला प्रश्न आहे, हे सत्य आहे का? आमच्यातल्या सगळ्यात तरुण सभासदानं तेवढाच प्रश्न मला विचारला. रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार होतं? कुणीच नाही. ओळ काढली.

ती ओळ काढूनही घोटाळा झालाच. पहिल्या ५०० कार्डांवर एका सभासदाचा स्वतःचा मोबाइल नंबर होता. ते दिवसभर कामावर, मीटिंगमध्ये फोन बंद. वानवडीहून एका बाईंनी संध्याकाळी तीनदा फोन केला, चौथ्यांदा केला नाही. आम्हाला हे आठ दिवसांनी कळलं, आया पाठवणाऱ्या एका ब्युरोतल्या मावशींकडून. कार्ड देणाऱ्या त्याच होत्या, आणि त्या मला म्हणाल्या, "ताई, माझं तोंड खाली गेलं." मी त्यांची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी केंद्रासाठी वेगळं सिमकार्ड आणि साधा फोन घेतला, कार्डं नव्यानं छापली, जुनी होती तितकी दुकानादुकानातून परत गोळा केली. फोन आता आठवड्याच्या वारांप्रमाणे हातोहात फिरतो. सोमवार एकाकडे, मंगळवार दुसरीकडे. रोटरी हे नावच मुळी असं पडलं. १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस यांनी पहिली बैठक घेतली, तेव्हा सभासद आळीपाळीनं एकमेकांच्या कार्यालयात जमत. आमच्याकडे फोन आळीपाळीनं फिरतो.

वेळेचंही तसंच. केंद्र सकाळी १० ते १ उघडं असायचं, कारण आम्हाला ते सोयीचं होतं. पण सकाळी दहाला डिस्चार्ज सांगितलेला पेशंट प्रत्यक्षात कधी बाहेर पडतो? अंतिम बिल तयार होतं, ते विमा कंपनीकडे जातं, मंजुरी यायला दुपार उलटते, मग औषधं परत करायची, कागद घ्यायचे, आणि गाडी निघते संध्याकाळी सहाला. तेव्हा आमच्या खोलीला कुलूप. आता वेळ संध्याकाळी ५ ते ८ आहे. या एका बदलानं जेवढी माणसं आली तेवढी त्याआधीच्या कशानंच आली नव्हती, हे मी वही समोर ठेवून सांगते.

कार्डं वाटायला मी आणि माझी एक मैत्रीण पायी फिरलो. करिष्मा चौकापासून कर्वे पुतळ्यापर्यंत, मग डहाणूकर कॉलनी, मयूर कॉलनी, सुतार दवाखान्याच्या आसपास, आणि पुढे वनाजपर्यंत. मेडिकलच्या दुकानात नुसतं कार्ड ठेवून यायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं. दुकानदाराला एकदा खोली दाखवायला न्यायचं. त्यानं कॉट हातानं फिरवून पाहिली की तो पुढच्या गिऱ्हाइकाला खात्रीनं सांगतो. बारा दुकानदार येऊन पाहून गेले. काही रुग्णालयांनी बाहेरची कार्डं ठेवायला नकार दिला, त्यांचे नियम असतात. वॉर्डातल्या मावशींनी मात्र ती पदराला बांधून नेली. आणि ज्यानं हे आम्हाला नकळत शिकवलं, त्या दुकानदाराला आम्ही सभेला बोलावलं, मुख्य पाहुणा म्हणून. त्यानं पाच मिनिटं वडिलांबद्दल सांगितलं. त्या दिवशी त्या हॉलमध्ये कुणी मोबाइलकडे पाहिलं नाही.

व्हॉट्सॲपबद्दल थोडंच लिहिते. केंद्राबद्दलचा माझा निरोप झरझर पसरला आणि नागपूर, नाशिक, सोलापूरहून फोन येऊ लागले, कारण मी त्यात पुणे हा शब्द लिहायला विसरले होते. तारीखही नव्हती. तो निरोप अजून कुठेतरी फिरतो आहे. असं काही पाठवणार असाल तर गाव, भाग आणि तारीख पहिल्या ओळीत घाला.

गणपतीत मात्र मनासारखं झालं. आमच्या भागातल्या एका मंडळाच्या कार्यकर्त्यांकडे आम्ही गेलो. त्यांना वाटलं, फ्लेक्सला जागा मागायला आलो. आम्ही म्हटलं, फ्लेक्स नको, दहा दिवस दोन चाकाच्या खुर्च्या मांडवात ठेवू द्या. ज्यांना रांगेत उभं राहवत नाही त्यांना त्यात बसवून तुम्हीच दर्शन घडवा. खुर्चीच्या पाठीवर आमचा नंबर. मंडळाची मुलं इतकी खूश झाली की तिसऱ्या दिवसापासून ती आसपासच्या इमारतींत जाऊन विचारायला लागली, "आजोबांना आणू का खाली?" वर्षानुवर्षं खिडकीतून आरती ऐकणारी माणसं त्या वर्षी मूर्तीसमोर आली. एक आजोबा खुर्चीतून हात जोडून बसले होते आणि त्यांचा मुलगा मागे उभा राहून रडत होता. मी तो फोटो काढला नाही. काढायला हवा होता असं नंतर आमच्या संचालक मंडळात कुणी म्हणालं, मला अजून तसं वाटत नाही.

कार्डानं माणूस दारापर्यंत येतो. पुढचं सगळं त्याला खोलीत काय मिळतं यावर. साहित्य देताना पंधरा मिनिटं समजावून सांगायचं हा नियम आमच्यातल्या एका डॉक्टरांनी घालून दिला. वॉकर दिला तर त्याची उंची तिथेच बसवायची. माणूस सरळ उभा, हात सैल सोडलेले, वॉकरची मूठ मनगटाच्या रेषेला यायला हवी, म्हणजे धरल्यावर कोपर थोडं वाकतं. पेशंट सोबत नसेल तर घरच्यांनी हे माप घ्यायचं. चाकाची खुर्ची दिली तर बसवण्याआधी दोन्ही ब्रेक, आणि पायठेवणी वर. एअर बेड दिला तर स्पष्ट सांगायचं की तो लावला म्हणून कूस बदलणं थांबवायचं नाही, दर दोन तासांनी बदलायचीच, नाहीतर माकडहाडाशी आणि टाचांशी जखमा होतात, आणि त्या भरायला महिने लागतात. घरच्या माणसाला दवाखान्यात हे सांगितलेलं असतं, पण घाईत, बिलाच्या गडबडीत. इथे कुणीतरी शांतपणे खुर्चीवर बसवून सांगतं. "तिथे नीट समजावून सांगतात," हे वाक्य आता आम्हाला बाहेरून ऐकू येतं. त्याच्याइतकी प्रसिद्धी आम्हाला विकत घेता आली नसती.

साहित्य परत करायला लोक येतात तो प्रसंग वेगळाच असतो. निम्म्या वेळा माणूस हिंडू-फिरू लागलेला असतो, कधी तोच स्वतःच्या पायांनी वॉकर परत द्यायला येतो. निम्म्या वेळा तेरावा होऊन गेलेला असतो. आम्ही त्यांना चहा देतो आणि घाई करत नाही. ती माणसं न उघडलेल्या डायपरच्या पिशव्या, उरलेला कापूस, चादरी घेऊन येतात आणि विचारतात, "हे कुणाला देता येईल का?" अनामत परत घ्यायला काही जणांचा हात पुढे होत नाही. पूर्वी आम्ही ते पैसे देणगी म्हणून लगेच ठेवून घ्यायचो. आता आधी परतच देतो, हातात. त्या घरात तेव्हा खर्च झालेला असतो. द्यायचं असेल तर महिन्याभरानं या, असं सांगतो. आणि येतात. एक बाई, ज्यांचे यजमान सात महिने आमच्या कॉटवर होते, त्या पैसे घेऊन आल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मला मंगळवारी वेळ असतो." तेव्हापासून मंगळवारचा फोन त्यांच्याकडे आहे. त्या क्लबच्या सभासद नाहीत, व्हायचंही नाही म्हणतात, आणि आम्ही आग्रह करत नाही. रात्री आठला कुणी घाबरून फोन केला तर त्या ज्या आवाजात बोलतात तो आवाज आमच्यापैकी कुणाकडे नाही. असे पाच जण आता आमच्यात आहेत, शिवाय महाविद्यालयातली रोटरॅक्टची, म्हणजे रोटरीच्या तरुण शाखेची मुलं, जी लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यापर्यंत कॉट चढवतात.

जून जवळ आला तशी मला धास्ती वाटू लागली. ३० जूनला वर्ष संपणार, नवे अध्यक्ष येणार, आणि नवीन अध्यक्षांना आपला असा नवा प्रकल्प हवा असतो. त्यात चूक काही नाही. पण नंबर बदलला तर शहरातल्या पाकिटांत असलेली कार्डं मुकी होतील. मी नव्या अध्यक्षांना एक संध्याकाळ केंद्रावर बसायला बोलावलं, भाषण काही केलं नाही. त्या तीन तासांत चार फोन आले आणि दोन कॉट गेल्या. तिसरा फोन त्यांनी स्वतः उचलला. केंद्राचा फोन, जागा आणि वेळ दरवर्षी बदलायची नाही, असा ठराव त्यांच्याच पहिल्या सभेत झाला.

चौथ्या मजल्यावरच्या आजी आता काठी घेऊन खाली येतात, बाकावर बसतात. त्यांची ती २२,०००ची कॉट गेल्या दिवाळीत सून आणि मुलानं टेम्पोतून आमच्या खोलीत आणून दिली. पट्टीवर कुणाचं नाव घालायचं असं मी विचारलं, तर आजी म्हणाल्या, "माझं नको बाई, मी आहे अजून." पट्टी कोरीच आहे. कॉट सध्या वारज्यात एका घरी आहे, आणि त्या घराला कार्ड सुनेनंच दिलं, ऑफिसातल्या मैत्रिणीला, डिस्चार्जच्या आदल्या दुपारी.